काळबांडे काकांचं इस्टरचं तोरण

आमच्या गल्लीतले काळबांडे काका गळ्यात तुळशीची माळ घालतात, चातुर्मासात कांद्याच्या टोपलीकडे पाहतसुद्धा नाहीत, आणि गेल्या वर्षी होळीच्या सुमारास ते रोज सकाळी पांढुर्ण्याच्या बस स्टँडवर आमलेटच्या गाड्यापाशी उभे दिसू लागले.

ही बातमी आधी माझ्या नवऱ्यानं आणली. पेपर घ्यायला गेला आणि पेपर न घेताच परत आला. "काका बिघडले," एवढंच बोलला. दुपारपर्यंत गल्लीभर झालं. समोरच्या वानखडे वहिनींनी बाजू घेतली, "डॉक्टरनं सांगितलं असन. प्रोटीन कमी झालं असन म्हाताऱ्याचं." त्यांच्या सासूबाईंना ते पटलं नाही. त्यांच्या मते बाई गेलेला माणूस एकटा राहिला की आधी चहा वाढतो, मग बाकीचं.

मी शाळेत मराठी शिकवते. चौकशी केल्याशिवाय मत देऊ नये असं मुलांना सांगते, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मुद्दाम बस स्टँडवरून गेले. काका खरंच गाड्यापाशी होते. तोंड मात्र गाड्याकडे नव्हतं. ते इटारसीच्या बसकडे टक लावून उभे होते, हात मागे केलेला, हातात उघडा डबा. या डब्याशी आपली काहीही ओळख नाही असा सगळा आव. आणि पाठमोरे राहूनच गाड्यावाल्या दिलीपला शिकवत होते.

"मधात नको फोडू रे. टोकाले फोड, टोकाले. वरून बारीक भोक पाड अन् ओतून घे."

"काका, माहा बाप बी मधातच फोडे."

"मंग त्यानं बी चुकीचंच केलं."

दिलीपनं माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. "मॅडम, हे अंडं खात नाही, अंड्याकडे पाहत नाही, अन् मले फोडणं शिकवून राहिले. गिऱ्हाईक थांबून राहते तिकडं."

पण तो फोडत होता टोकालाच. टरफल अलगद डब्यात सोडत होता. काकांपुढे शेवटी सगळेच हार मानतात.

काकांबद्दल थोडं सांगते. ते रेल्वेत होते, पार्सल ऑफिसात. पांढुर्ण्याहून संत्र्याच्या पेट्या गाडीत चढत, आणि त्या पेट्यांची तुटकी सुतळी, फाटकी बारदानं, पडलेल्या पट्ट्या काका जमवत. रिटायर होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात. काका सुतळीचा गोळा घेऊन आले. तो एवढा मोठा आहे की खाटेखाली मावत नाही, म्हणून खाट विटांवर चढवली आहे.

या सामानाचं ते तोरण करतात. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटीवर बोंडांची सुकलेली टरफलं राहतात, ती नीट पाहिली तर लाकडाची फुलं वाटतात. संत्र्याची साल एका लांब पट्टीत काढून गुंडाळली आणि वाळवली की गुलाब होतो. मक्याच्या कणसाची पानं भिजवली की हवी तशी वळतात. हे सगळं आम्हा गल्लीतल्या बायकांना काकांमुळे माहीत आहे, कारण आमच्या घरातली साल आम्हाला फेकता येत नाही. कचऱ्याची गाडी आली की काका आधी गाडीपाशी. "थांब बाप्पा, थांब! चांगला माल चालला!"

बाजारातून सजावटीची वस्तू कोणी आणली की त्यांचं ठरलेलं वाक्य, "इकत कायले आनलं?" पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून गावात गिफ्टची दुकानं वाढली, आणि हे वाक्यही वाढलं. एका दिवाळीला मी नागपूरहून प्लास्टिकचं तोरण आणलं होतं, मोत्यांचं, लाल-सोनेरी. काका दारात आले, वर पाहिलं आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. मला वाटलं, आवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तर माझ्या तोरणाच्या वरच्या अंगाला बोंडांचं तोरण. माझं अर्धं झाकून गेलेलं. संध्याकाळी ते पाहायला आले आणि मलाच म्हणाले, "आता कसं, दार दारासारखं दिसून राहिलं." त्यांचं तोरण लावलं की काढायची सोय नसते. येताजाता तपासणी असते. वानखडे वहिनींच्या दारावर अजून मागच्या पोळ्याचं लटकतं आहे.

तर अंड्याची टरफलं दिसल्यावर मला एवढं कळलं की तोरणच आहे. पण कुठल्या सणाचं, ते कळेना. आपल्या कुठल्याच सणाला अंडं लागत नाही. त्याच संध्याकाळी काका आमच्याकडे आले. साधा फोन असल्यामुळे त्यांना व्हिडिओ पाहायचा झाला की ते माझ्याकडे येतात.

"मॅडम, ते इस्टरचं गोल तोरण राहते ना, ते घरी कसं करते, दाखवा बरं जरा."

"इस्टरचं? काका, तुम्हाला कशाला?"

"पाहून तं घेऊ द्या."

मी एक व्हिडिओ लावला. कुठली तरी गोरी बाई, गुलाबी स्वयंपाकघर, समोर टेबलावर सामान मांडलेलं. तारेचं तयार कडं, प्लास्टिकची फुलं, प्लास्टिकची अंडी, रिबिनीची रिळं. काका चष्मा सावरून पाहत होते आणि हळूहळू तापत होते.

"हे घरी केलेलं हाय? ही बाई तं दुकान उठवून घेऊन आली! पाहा, कडंसुद्धा इकत आनलं तिनं. मंग केलं काय बाईनं? चिकटवलं!"

मग त्या बाईनं मधोमध कापडी ससा बसवला. काकांनी मला व्हिडिओ थांबवायला लावला.

"ससा काहून?"

"तसाच असतो म्हणे. ससा आणि अंडी."

"सशाचा अन् अंड्याचा का संबंध?"

मला सांगता आलं नाही. घरात कोणालाच सांगता आलं नाही. काका बराच वेळ थांबलेल्या सशाकडे पाहत राहिले आणि शेवटी निकाल दिला, "ससा नाही लावत मी. कोंबडीचं पिल्लू लावतो. त्याचा तं हक्क हाय."

मग महिनाभर काकांच्या अंगणात जे चाललं होतं ते आमच्या गच्चीवरून पूर्ण दिसत होतं. आधी त्यांनी तुरीच्या काड्यांचं कडं केलं. ते वाकवताना कडकन मोडलं. मग संत्र्याच्या झाडाचे बिनकामाचे फोक कोणाच्या तरी मळ्यातून आणले. त्यांचं कडं झालं, पण वाळल्यावर म्हशीच्या डोळ्यासारखं लांबट झालं. "गोल म्हणजे गोल पायजे," असं म्हणून ते सकाळीच जाम नदीच्या काठानं सावरगावच्या बाजूला गेले आणि निरगुडीचे ओले फोक डोक्यावर घेऊन आले. ते मात्र वाकले. वेणीसारखे एकमेकांत गुंफून, सुतळीनं बांधून, काकांनी ते कडं पाट्यावरवंट्याखाली दाबून ठेवलं. वरवंट्याला त्या दिवसांत दुसरं काम नव्हतंच. काका जेवतात खिचडी.

टरफलांचा कारखाना अंगणाच्या पार कोपऱ्यात, घरापासून जितका लांब नेता येईल तितका. विटांची चूल, जुनं पातेलं, त्यात रिठ्याचं पाणी. टरफलं चिमट्यानं उचलायची, तोंड दुसरीकडे करून धुवायची आणि नंतर स्वतः आंघोळ करायची. रंगही घरचेच. पिवळ्याला हळद, गुलाबीला बीट, निळ्याला कपड्यांची नीळ, आणि केशरीला होळीसाठी आणलेली पळसाची फुलं उकळून. टरफलं दोरीवर वाळत घातली की अंगणात रंगीत दिवे टांगल्यासारखे दिसत. गल्लीतले लोक पाहायला येत. माळ आणि अंडं एका अंगणात, ही गोष्ट वानखडे वहिनींच्या सासूबाईंना शेवटपर्यंत झेपली नाही.

तोरण पुरं झालं आणि आम्ही सगळेच पाहायला अंगणात उतरलो. निरगुडीचं तपकिरी कडं, त्याच्यावर बोंडांची लाकडी फुलं, त्या फुलांतूनच थोडा पांढरा कापूस बाहेर आलेला, संत्र्याच्या सालीचे गुलाब, मधूनमधून फिक्या रंगाची टरफलं, आणि खाली एका बाजूला हळदीत रंगवलेल्या कापसाचं पिल्लू. मिऱ्यांचे डोळे. जरा वाकडं पाहणारं.

"काका, कोणासाठी आहे हे?" मी विचारलं.

"हाय एक दरवाजा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रीना.

काकांचा एकुलता एक मुलगा प्रमोद नागपूरला नोकरीला होता. तिथल्याच एका दवाखान्यातली नर्स, परासियाची ख्रिस्ती मुलगी, त्यानं पसंत केली. गल्लीला वाटलं, आता काकांच्या घरी महाभारत होणार. काकांनी मुलीला एवढंच विचारलं, "तुमच्या लग्नात दाराले काय लावते?" आणि चर्चच्या फाटकाला स्वतः आंब्याच्या पानांचं तोरण बांधून आले. मग करोनात प्रमोद गेला. काकी त्याच्याही आधी गेलेल्या. रीना माहेरी जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं. ती पांढुर्ण्याला आली, इथल्या दवाखान्यात लागली आणि सासऱ्याजवळ राहिली. दोघांचं चांगलं जमलं होतं. ती ड्युटीवरून आली की काका चहा टाकत. ती सलाइनच्या रिकाम्या बाटल्यांची झाकणं धुऊन त्यांच्यासाठी आणत असे.

तिचं दुसरं लग्न काकांनीच लावून दिलं. ती नाही म्हणत होती, हे महिनोन् महिने मागे लागले. बोरगावच्या कारखान्यात काम करणारा अजय नावाचा मुलगा, तिच्याच समाजातला. काका दोनदा जाऊन त्याचं घर पाहून आले, नळाला पाणी किती वेळ येतं तेही विचारून आले. जानेवारीत लग्न ठरलं. आणि लग्नाच्या सकाळी काकांना ताप आला. मी हात लावून पाहिलं होतं, अंग गार होतं. पण ते पांघरुणाबाहेर आले नाहीत. तेव्हापासून तिचा फोन आला की ते नुसते पाहत बसत. वाजून वाजून फोन बंद होई.

"उचलत का नाही काका?" मी एकदा विचारलं होतं.

"नवं घर हाय तिचं. जुन्या घरचा मानूस सारखा कानाशी लागला तं त्या पोराले कसं वाटन?"

आता तोरण समोर ठेवून मी तेच पुन्हा विचारलं. "फोन उचलत नाही, आणि तोरण करता?"

काका पिल्लाचे डोळे दाबून बसवत राहिले. मग म्हणाले, "लहानपणी परासियात एका साहेबाच्या बंगल्याले इस्टरच्या टायमाले असं गोल तोरण लागे म्हणे. रीना शाळेत जाताना तिथं उभी राहून पाहे. बापाले म्हटलं तं बाप म्हणे, ते मोठ्या लोकाईचं राहते. मले सांगितलं होतं तिनं. मी म्हटलं, मी करून देईन. मंग प्रमोद गेला, त्याचं वर्षश्राद्ध, मंग हिचं लग्न... राहूनच गेलं."

"मग चला ना, देऊन या."

"कोण म्हणून जाऊ, मॅडम? सासरा म्हणून जावं तं पोरगा नाही. बाप म्हणून जावं तं तिचा बाप बसला हाय परासियात." त्यांनी पिल्लू सरळ केलं. "पण तोरण लावाले तं कोणीबी जाऊ शकते. मी पाहून ठेवलं. इस्टरच्या दिवशी सकाळी ते दोघंबी चर्चमधी राहतीन. आपण जायचं, लावायचं, वापस यायचं."

"आपण?"

"तुमी संगं चला. बाई मानूस संगं असली का कोणी चोर म्हणत नाही."

इस्टरच्या रविवारी आम्ही सौंसरच्या पहिल्या बसनं निघालो. तोरण काकांच्या मांडीवर, वर पातळ धोतराचं फडकं. बस हलली की फडकं सरके. पलीकडच्या सीटवर एक म्हातारी बाई होती. तिनं तोरण पाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "कोन वारलं, भाऊ?"

काकांना कळलंच नाही. "कोणी नाही."

"मंग हे चक्र कोनाच्या मयतीले घेऊन चालले?"

काका असे भडकले की कंडक्टरनं मान वळवली. "मयतीचं नाही बाई हे! सणाचं हाय. इस्टर म्हणते त्याले. मेलेला वापस आला, उठून उभा राहिला, त्याचा सण हाय हा."

"अगो माय," म्हातारी म्हणाली. "असं होते काय?"

"त्याईचं झालं," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली गेला. मग ते खिडकीकडे वळले. बाहेर संत्र्याचे मळे मागे जात होते.  तोरणावरचं फडकं त्यांनी काढून टाकलं.

सौंसरहून ऑटोनं बोरगाव. घर बैठं, नवं रंगवलेलं, पुढे लोखंडी जाळीचं दार, दाराला कुलूप. सगळं ठरल्यासारखं. शेजारच्या बाईकडून मी प्लास्टिकचा स्टूल मागून आणला. "अजयभाऊच्या घरचे पाहुणे का?" तिनं विचारलं. मी मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते मलाही ठरवता आलं नाही.

तोरण बांधायला दोन मिनिटं लागली असती. पण काका ते काका. बांधलं, उतरले, फाटकापर्यंत गेले, पाहिलं. "डावीकडं उतरून राहिलं." चढले, सुतळी सोडली, बांधली, उतरले. "आता उजवीकडं." पिल्लू भिंतीकडे तोंड करून बसलंय असं त्यांना वाटलं, म्हणून सगळं फिरवलं. "काका, लोक येतील," मी म्हणत होते. "वाकडं सोडून जाऊ का? वाकडं सोडलं तं म्हणन, म्हाताऱ्याची नजर गेली."

आणि ते स्टूलवर असतानाच फाटकापाशी स्कूटर थांबली.

रीना मागून उतरली. पांढरी साडी, केसांत मोगरा. तिनं मला पाहिलं, मग स्टूलवर पाठमोऱ्या उभ्या माणसाला. काकांनी वळून पाहिलं आणि सुतळी दोन्ही हातांनी धरून तसेच राहिले.

"काही नाही," ते म्हणाले. "इकडून चाललो होतो. तोरण होतं संगं, म्हटलं लावून देऊ. चाललोच."

"फोन काहून नाही उचलला बाबा?" रीना म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता.

"फोन बिघडला."

तिनं पर्समधून मोबाइल काढला, काकांकडे पाहत बटण दाबलं. काकांच्या सदऱ्याच्या खिशात घंटी वाजली. चांगली खणखणीत. काका खिशावर हात ठेवून उभे राहिले, जसं कोणाचं तोंड दाबावं तसं.

मला हसू येत होतं. रीना रडतच होती, आणि रडता रडता रागावत होती. "लग्नाले नाही आले. मी वाट पाहत होती. पादरी बोलवून राहिले, आत चला, अन् मी फाटकापाशी उभी. म्हटलं बाबा येतीन. ताप होता म्हणे! मी नर्स आहो बाबा, मले ताप सांगता?"

काका पुन्हा सुतळी ओढू लागले. स्टूल हलू लागला. तेव्हा इतका वेळ स्कूटरपाशी उभा असलेला अजय पुढे आला. उंच, लाजाळू मुलगा. त्यानं खाली बसून स्टूलचे पाय धरले आणि वर पाहत म्हणाला, "बाबा, अजून थोडं डावीकडं घ्या. मी धरतो, तुमी बांधा."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग तोरणाकडे पाहिलं. "हाव," ते म्हणाले, "तुह्यी नजर बराबर हाय," आणि गाठ मारली.

खाली उतरल्यावर रीनानं तोरणाला हात लावला. एकेक टरफल बोटानं चाचपत गेली. "बाबा, हे अंड्याचं टरफल... तुमी हात लावला?"

"चिमट्यानं," काका म्हणाले. आणि मग खरं बोलले, "चिमट्यानं एक फुटलं. मंग हातानंच केले सारे."

जेवण तिथंच झालं. तिनं आमच्यासाठी वेगळ्या गॅसवर, वेगळ्या भांड्यात वरण-भात केला. अजय आणि काका बाहेर बसून घराच्या मागच्या जागेबद्दल बोलत होते. तिथं काय लावावं, बोअरचं पाणी पुरेल का. शेजारची बाई स्टूल न्यायला आली आणि तोरणापाशी अडकली. असं तिलाही पाहिजे होतं. काका तिला निरगुडी कुठं मिळते ते समजावत बसले.

चार वाजत आले तशी मला घाई झाली, सोमवारी शाळा होती. मी पर्स उचलली. "काका, निघायचं ना? शेवटची बस चुकेल."

काका आतून आले. पायात चपला नव्हत्या. फाटकाची कडी त्यांनीच काढली, ऑटोवाल्याला थांबवलं, "मॅडमले सौंसरच्या स्टँडवर सोड, बसमधी बसल्या का मंगच वापस ये," असं बजावलं. मी आत बसले. त्यांच्यामागे जाळीच्या दाराशी रीना आणि अजय उभे होते.

काकांनी फाटक ओढून घेतलं आणि त्याच्यावर हात टेकून मला म्हणाले, "बरं झालं मॅडम, आल्या. येत जा असंच कधी आमच्या घरी."